थंड हवेची हमी

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेत त्यांनीसुद्धा या. आज रागाचं आख्यान लावतो. राग लांबून ऐकला की नुसता आरडाओरडा वाटतो. जवळ बसून ऐकला तर आत काय शिजत होतं ते कळतं. या आख्यानात दोन भाऊ आहेत, त्यांची आई आहे आणि एक मोटार आहे. भाऊ म्हणतात, आधी मोटार तापली, मग आम्ही. आई म्हणते, उलट. ऐकून घ्या आणि खरं कोणाचं ते घरी जाता जाता ठरवा.

थोरला पाणीपुरवठा खात्यात नोकरीला. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून त्याचं एक ठाम मत झालं होतं, की जगातल्या निम्म्या दुःखांचं मूळ पाणी कमी पडण्यात आहे आणि उरलेल्या निम्म्यांचं ते कुठेतरी तुंबण्यात. धाकट्याचं पंख्यांचं दुकान. पंखे, बटणं, वायरी. त्याच्या मते माणसाचं असो की यंत्राचं, दुखणं एकच, कुठेतरी वायर सैल आहे. दोघांच्याही केसांत आता पांढरं दिसू लागलं होतं, पण राग नाकाच्या शेंड्यावर. नाक वडिलांचं होतं हे सगळे मान्य करत. राग कोणाचा, हे आई सांगत नसे.

वडील गेले तेव्हा मागे एक घर, एक मोटार आणि सायकलच्या जुन्या ट्यूबांनी भरलेला एक डबा ठेवून गेले. त्यांना कुठलीही वस्तू टाकवत नसे. नळ गळला, लाव ट्यूब. खुर्ची डुगडुगली, लाव ट्यूब. चष्म्याची काडीसुद्धा त्यांनी ट्यूबनेच धरून ठेवली होती. पुढे घराचे दोन भाग झाले, खाली थोरला, वर धाकटा, आणि जिन्याजवळची खोली आईची. ट्यूबांचा डबा कोणालाच नको होता, तो आईने पलंगाखाली सरकवला. मोटार मात्र कापून वाटता येईना. म्हणून आठवडे वाटले. एक आठवडा थोरल्याचा, एक धाकट्याचा, आणि रविवारी मोटार आईची. आई रविवारी कुठे जात नसे, पण हक्क म्हणजे हक्क. किल्ली तिच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असे.

आता कळीची जागा. गाडी पहिल्यांदा तापली ती सोमवारी सकाळी, म्हणजे धाकट्याचा आठवडा संपून थोरल्याचा लागला त्या दिवशी. कचेरीच्या फाटकात, साहेबांच्या गाडीला आडवी होऊन, बॉनेटमधून वाफ सोडत ती उभी राहिली. साहेब रागावले नाहीत. फक्त हसले, आणि म्हणाले, पाणी खात्यातल्या माणसाच्या गाडीत पाणी नसावं म्हणजे कमाल आहे. झालं. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिली.

घरी येऊन त्याने जिन्यात धाकट्याला गाठलं. पाणी न बघता गाडी पळवलीस, बाबांच्या गाडीची भट्टी केलीस, तुला दिलेली एक वस्तू कधी धड परत आली नाही, असं सगळं एका दमात सुनावलं. लहानपणी नेलेल्या कंपासपेटीचासुद्धा उल्लेख झाला. धाकटा दुकानात एका गिऱ्हाइकाशी भांडूनच आला होता.

"माझ्या हातात ती बर्फासारखी गार होती," तो म्हणाला. "तुझ्या हातात गेली आणि तापली. माणूस बघून तापते ती."

हे शेवटचं वाक्य थोरल्याला जे लागलं, ते लागलं. त्या संध्याकाळपासून दोघांचा अबोला.

अबोला म्हणजे बोलणं बंद असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी धरलेला नसतो. अबोल्यात बोलणं दुप्पट होतं, फक्त फिरून जातं. आईची खोली जिन्याजवळ असल्यामुळे ती या घरचं टपालखातं झाली. आई, त्याला सांग, जिन्यातला दिवा जळत राहतो. आई, त्याला म्हणावं, बिल अर्धं माझं असतं. आई, त्याला विचार, पाण्याची मोटार कोणी चालू ठेवली. बिचारी एक पायरी वर, दोन पायऱ्या खाली. मधूनच ती थांबे आणि म्हणे, "अरे, मी काय म्हणते, त्या गाडीचं ते—" की लगेच समोरचा मुलगा हात वर करी. त्याचं नाव काढू नकोस, आई. किंवा, आधी हे त्याला सांगून ये, मग तुझं. सुनांचं एकमेकींशी छान चाललं होतं, त्या गच्चीवर बसून हसत. त्यामुळे दोन्ही भावांचा राग आणखी वाढे.

येतो मूळ पदावर. गाडी.

थोरला आपल्या आठवड्यात रोज सकाळी बादली घेऊन उतरे. झाकण काढून बॉनेटवर ठेवी, रेडिएटर काठोकाठ भरी, झाकण लावी. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खाली गेलेलं. खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे सहन होईना. त्याने आपल्या मेकॅनिकला गाठलं. हा मेकॅनिक रस्त्याच्या या टोकाला होता. धाकट्याचा त्या टोकाला. दोघांनी एकमेकांचं तोंड न पाहताच एकमेकांना अडाणी ठरवलं होतं. थोरल्याच्या मेकॅनिकने रबरी पाइप बदलले. पाणी जातच राहिलं. मग त्याने निदान केलं, की आत थर्मोस्टॅट म्हणून एक छोटी झडप असते, ती इंजिन गार असेपर्यंत पाणी अडवून धरते, ती अडकून बसली असणार.

पाणी अडवून धरते, एवढंच थोरल्याने ऐकलं. पाणी अडवणाऱ्यांशी त्याचं नोकरीभर वैर. तो म्हणाला, काढून फेका. झडप गेली. आणि हे धाकट्याला सांगायचं कारणच नव्हतं.

पुढचा आठवडा धाकट्याचा, आणि दिवस थंडीचे. पाणी आता मोकळं फिरत असल्यामुळे इंजिन गरमच होईना. सकाळी गाडी खोकत खोकत निघे, उष्णता दाखवणारा काटा तळाला झोपलेला, पेट्रोल मात्र सपाटून जाई. धाकट्याने डोळे मिटून विचार केला. त्याचा विचार दुकानाबाहेर जात नसे. गाडी गार का, तर रेडिएटरचा पंखा थांबतच नसणार. पंखा का थांबत नाही, तर वायर चिकटली. त्याने पंख्याचा फ्यूज उपटून गाडीतल्याच खणात टाकला. तरीही गाडी गार. मग त्याने दुकानातून छताच्या पंख्याचं रिकामं खोकं आणलं, त्याचा पुठ्ठा कापला आणि जाळीमागे, रेडिएटरच्या तोंडावर नेमका बसवला, म्हणजे वारा लागायला नको. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, थंड हवेची हमी. काटा थोडा वर आला. धाकटा खूश. आणि हे थोरल्याला सांगायचं तर कारणच नव्हतं.

थोरल्याचा आठवडा आला. आता झडप नाही, पंखा नाही, वारा नाही, आणि रहदारीत गाडी उभी. काटा टाचा उंचावून लाल रेघेकडे निघाला. थोरला दात खाऊन त्याच्याकडे बघत राही. मी रोज पाणी भरतो. पाइप नवे घातले. झडप काढली. एवढं करून हा काटा मला खोटं पाडतो. एका दुपारी सिग्नलला मागचा माणूस भोंगा वाजवत होता, समोर काटा चढत होता, आणि धाकट्याचं ते वाक्य डोक्यात घुमत होतं, माणूस बघून तापते ती. थोरला उतरला, बॉनेट उघडलं आणि काट्याकडे जाणारी वायर ओढून काढली. काटा धपकन खाली पडला. साहेबाला खाली बसवल्याचं समाधान त्याला मिळालं. लोक डोळे मिटून शांती शोधतात, थोरल्याने गाडीचे डोळे काढून ती मिळवली.

असं चाललं होतं. थंडी होती, पल्ले जवळचे होते, म्हणून चाललं होतं.

मग उन्हं तापू लागली आणि एका शनिवारी मामाचा फोन आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तिच्या माहेरचं आता तेवढंच माणूस उरलेलं. त्याच्या पित्ताशयात खडे झाले होते, चालढकल करून करून त्याने ते चांगले पिकवले होते, आणि डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलं होतं, की आणखी लांबवलंत तर जिवावर बेतेल. सोमवारी सकाळी ऑपरेशन. पण मामा कागदावर सही करेना. हा मामा म्हणजे हट्टाचा पुतळा, तापट, आईचाच भाऊ. इथे काही जणांना उत्तर सापडलं असेल.

"ताई, तुझी पोरं बोलत नाहीत म्हणे एकमेकांशी," तो फोनवर म्हणाला. "मी सही करायचा नाही. दोघं एकत्र माझ्यासमोर येऊन उभे राहू देत, मग करीन. डॉक्टर चिडलाय. चिडू दे. मीही चिडलोय."

आईने फोन ठेवला आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून, वर न बघता, खाली न बघता, एवढंच म्हणाली, की उद्या रविवार आहे, गाडी माझी आहे, जाताना थोरला चालवील, येताना धाकटा चालवील, आणि भेटीची वेळ संपून वॉर्डाचं दार लागायच्या आत मला तिथे पोचायचंय. आईचा आवाज चढला नव्हता, हीच भीतीची गोष्ट होती.

दुपारी जेवून निघाले. पुढे दोघे, मागे आई. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत मामासाठी नवी कोरी रबरी शेकायची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, आणि तिची कात्री. ही कात्री ती कुठेही नेई. लोकांनी हसायचं सोडून दिलं होतं.

गाव मागे पडलं आणि चढ लागला. धाकटा समोर बघत म्हणाला, "आई, त्याला सांग, चढ आहे, गिअर बदल."

"आई, त्याला सांग, गिअर माझ्या हातात आहे. त्याच्या हातात फक्त तोंड आहे."

"आई, त्याला सांग—"

"आज रविवार आहे," आई म्हणाली. "टपाल बंद."

मग गाडीत अशी शांतता पसरली, की इंजिनाची तक्रारसुद्धा ऐकू यावी. पण ऐकणार कोण. थोडा जळका वास येत होता. धाकट्याला आला, पण बोलणार कोणाशी, टपाल बंद. थोरल्यालाही आला, त्याला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. दोघांनी एकदम काट्याकडे पाहिलं. काटा तळाला निवांत पडलेला. थोरल्याला वाटलं, बरं झालं, बोलती बंद केली याची. धाकट्याला वाटलं, एवढ्या उन्हातसुद्धा गार, म्हणजे वारा अडवला ते बरोबरच. एकाच खोट्या काट्यावर दोन भाऊ वेगवेगळ्या कारणांनी संतुष्ट होते. वर्षभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

आणि मग वळणावर बॉनेटच्या कडांतून पांढरा लोट उठला. समोरचा रस्ता दिसेना. थोरल्याने कशीबशी गाडी कडेला घेतली, उतरला, बॉनेट वर केलं. आत उकळत्या पाण्याचा असा सूं सूं आवाज चालला होता, की एखादं माणूस दातओठ खात बोलायचं टाळतंय. पाण्याच्या माणसाला एकच सुचलं. रुमाल गुंडाळून त्याचा हात थेट रेडिएटरच्या झाकणाकडे गेला.

"दादा, हात मागे घे," धाकटा ओरडला. त्याने थोरल्याचं मनगटच धरलं. "उकळतंय ते. उघडलंस तर सगळं तोंडावर येईल."

वर्षभरातला पहिला शब्द. दोघांच्याही लक्षात आलं. दोघांनाही लाज वाटली, आणि लाज वाटली की या घरातल्या पुरुषांना जे होतं तेच झालं. राग आला.

"तू मला शिकवू नकोस, छोट्या," थोरला म्हणाला. "रोज पाणी घालतो मी हिला. तुझ्यासारखी कोरडी पळवत नाही."

"घालतोस ना? मग ते जातं कुठे? तू पितोस?"

आई दार उघडून उतरली. रस्त्याच्या कडेला एक सपाट दगड होता, त्यावर पदर सावरून बसली. तिला पुढे येऊन मधे पडायची सवय होती, पण आज ती पडली नाही. छोट्या हा शब्द तिने किती दिवसांनी ऐकला होता.

मग जे भांडण झालं ते सगळं सांगत बसलो तर वॉर्डाचं दार लागून जाईल. मासला तेवढा सांगतो. पाणी कुठे जातं ते शोधण्यासाठी मी थर्मोस्टॅटसुद्धा काढून टाकला, असं थोरला छाती पुढे काढून म्हणाला. धाकट्याचा चेहरा बदलला. म्हणजे थंडीभर गाडी गार होती ती त्यामुळे? आणि मी मूर्ख, मला वाटलं पंखा अडकलाय, मी त्याचा फ्यूज काढला. त्यावर थोरला दोन पावलं मागे सरकला. पंखे विकून पोट भरणाऱ्याने गाडीचा पंखा बंद करून ठेवावा, यापेक्षा मोठा अधर्म त्याने ऐकला नव्हता.

"आणि तरी गार राहिली, तेव्हा काय केलंस?" दगडावरून आईने विचारलं.

धाकटा पुटपुटला, पुठ्ठा लावला.

थोरल्याने वाकून जाळीमागे हात घातला आणि पुठ्ठा ओढून काढला. उष्णतेने वाकडा झाला होता, पण अक्षरं शाबूत होती. त्याने ती मोठ्याने वाचली. "थंड हवेची हमी." मग पुन्हा हात घातला, कारण आत अजून काहीतरी होतं, आणि दुसरा पुठ्ठा बाहेर आला. त्यावरही तीच हमी.

"दोन?"

"काटा वर येईना," धाकटा म्हणाला. "गेल्या आठवड्यात पाहिलं तर पुन्हा तळाला. म्हटलं, एकाने भागत नाही."

"काटा वर येईल कसा? त्याची वायर मी काढलीय."

आता कुठे धाकट्याचा खरा राग बाहेर आला. झडप काढलीस, ठीक. शिव्या दिल्यास, ठीक. पण वायर? वायरीला हात लावायचा तुला अधिकार काय, मी कधी तुझ्या पाइपाला हात लावला का, असं म्हणत त्याने दोन्ही पुठ्ठे रस्त्यावर आपटले. थोरल्याने एक उचलून परत आपटला. शेजारून जाणारा एक सायकलवाला भीतीने पलीकडच्या बाजूने गेला.

आणि गंमत बघा. आरोपाला आरोप लावत लावत गाडीचं अख्खं निदान झालं होतं. दोन मेकॅनिकांना जे वर्षभरात जमलं नाही, ते दोन भावांच्या भांडणाने रस्त्याच्या कडेला करून टाकलं. एकच गोष्ट उरली. या सगळ्याच्या आधी, त्या पहिल्या सोमवारी, काही काढलेलं नव्हतं, काही लावलेलं नव्हतं, तेव्हा गाडी का तापली?

तेवढ्यात आईचा फोन वाजला. मामा. नर्स पेन घेऊन उशाशी उभी आहे, डॉक्टर घरी जायला निघालाय, दाराच्या साखळीशी शिपाई खेळतोय, तुम्ही येणार आहात की मी पेन खिडकीतून फेकू, असं तो विचारत होता. आई म्हणाली, येतोय, आणि भावाचा श्वास फोनमध्ये कसा लागतोय ते ऐकत राहिली. फोन बंद झाला तरी तिने तो दोन्ही हातांत धरून ठेवला. दोन्ही मुलांनी ते पाहिलं आणि रस्त्यावर आपटलेले पुठ्ठे उचलले.

धाकट्याने खणातून फ्यूज शोधला आणि जागच्या जागी बसवला. सुटलेली वायर जोडली. काटा हलला, लाल रेघेवर जाऊन बसला, आणि मग इंजिन निवत गेलं तसा हळूहळू उतरू लागला. दोघे भाऊ खिडकीतून त्या काट्याकडे टक लावून बघत होते. पुरेसा उतरला तेव्हा थोरल्याने रुमाल घेतला, या वेळी धाकट्याकडे बघून, आणि धाकट्याने मान हलवल्यावर झाकण जपून, थोडं थोडं फिरवून काढलं. नेहमीसारखं ते तो बॉनेटच्या कडेवर ठेवणार, तोच धाकट्याने ते त्याच्या हातातून घेतलं आणि उलटं केलं.

वर्षभर आपल्या आठवड्यात रोज सकाळी हे झाकण थोरल्याच्या हातात होतं. त्याने पाणी पाहिलं, झाकणाची खालची बाजू कधी पाहिली नाही.

खाली, जिथे कंपनीची रबरी चकती असते, तिथे काळ्या रबराचा हाताने कापलेला एक तुकडा होता. कडा वाकड्यातिकड्या, एका बाजूला चिरलेला. झाकणाने दाब धरायचा, दाब धरला की पाणी लवकर उकळत नाही आणि उडूनही जात नाही. हा तुकडा कडेने श्वास सोडत होता, आणि पाणी वाफ होऊन रोज थोडं थोडं निघून जात होतं. धाकट्याने तुकडा नखाने उचलला. रबरावर सायकलच्या ट्यूबची ती बारीक शिवण दिसत होती.

"बाबा," थोरला म्हणाला.

"बाबा," धाकटा म्हणाला.

आणि वर्षभर एकमेकांवर साठवलेला सगळा राग दोघांनी मिळून त्या गेलेल्या माणसावर काढला. एक नवं झाकण घेतलं असतं तर काय झालं असतं, म्हणे. माझ्या दप्तराच्या पट्ट्याला ट्यूब होती, अख्खा वर्ग हसायचा. तुझं दप्तर तरी, माझ्या बुटाला होती, पळताना फट फट वाजायचा. आठवतंय तुला तो पाटाखालचा तुकडा? आठवतंय तर. बोलता बोलता राग तसाच राहिला, पण थोरल्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर कधी गेला ते त्याला कळलं नाही.

"त्यांना नावं ठेवू नका," आई दगडावरून म्हणाली. "तो तुकडा मी कापलाय. या कात्रीने."

दोघे वळले.

"झाकण गळायला लागलं होतं. त्यांनी ट्यूब धरली, मी कापली. म्हणाले, हे काही दिवस चालेल, मग पोरांना सांग, नवं झाकण घ्या म्हणावं. त्यानंतर ते अंथरुणाला लागले ते उठले नाहीत. गाडी तुमच्याकडे आली."

"अगं, मग सांगायचं ना," थोरला म्हणाला. "वर्ष झालं, आई."

"कितीदा तोंड उघडलं मी. तू म्हणायचास, त्याचं नाव काढू नकोस. हा म्हणायचा, आधी त्याला सांगून ये, मग तुझं. वर्षभर तुमचं टपाल वाटतेय मी, रे. टपालवाल्याला कोणी विचारतं का, तुझं काही पत्र आहे का म्हणून?"

तिने पिशवीतून शेकायची पिशवी काढली. त्या पिशवीला टांगण्यासाठी खाली जाड रबराची एक चपटी शेपटी असते, ती तिने बोटांनी चाचपली आणि कात्री धाकट्याच्या हातात दिली. गरम पाण्यासाठीच केलेलं रबर आहे, ती म्हणाली, मामाला टांगून ठेवायची हौस नाही. थोरल्याने झाकण धरलं, धाकट्याने मापाने कापलं. त्याने बाहेरचा गोल कापला तेव्हा थोरला म्हणाला, वाकडं गेलं. धाकटा म्हणाला, मग तू काप. आई म्हणाली, तुमच्या बाबांचंही वाकडंच जायचं. नवी चकती झाकणाखाली घट्ट बसली. बाटल्यांतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. पुठ्ठे मागच्या सीटवर गेले, आईच्या मांडीखाली, कारण ऊन होतं आणि सीट तापली होती.

उरलेला रस्ता गाडी शहाण्यासारखी चालली. भाऊ मात्र नाही. झाकण नवं आणायचं यावर एकमत होतं, कोणी आणायचं यावर नव्हतं. थोरल्याचं म्हणणं, झाकणाचा संबंध पाण्याशी आहे, आणीन मी, पण माझ्या मेकॅनिककडून. धाकट्याचं म्हणणं, ज्याने वायर तोडली त्याने गाडीला हातच लावू नये. गिअर बदल. बदलतोय. तू बदलत नाहीयेस. आई मागे डोळे मिटून बसली होती. एखादं गाणं ऐकावं तशी मान डोलत होती.

वॉर्डाच्या दाराशी शिपाई साखळी चढवत होता. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, त्याने साखळी सोडली. आत मामा खाटेवर ताठ बसला होता, हाताची घडी, नर्स पेन घेऊन दमलेली. दोघे भाचे आत शिरले ते बोलतच. बोटं तेलाने काळी, शर्टावर वाफेचे डाग, आणि थोरला म्हणत होता, की तुझ्या मेकॅनिकला झाकण आणि डबा यांतला फरक कळत नाही.

मामाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग बहिणीकडे.

"हे काय, ताई? भांडताहेत हे."

"हो," आई म्हणाली. "एकमेकांशी."

मामाने हात पुढे केला. "आण तो कागद."

मामा आता बरा आहे. शेकायची पिशवी त्याच्या घरी आहे, बिनशेपटीची, आणि कोणी विचारलं तर तो चिडतो. झडप दोन्ही मेकॅनिकांनी मिळून परत बसवली, एकमेकांना अडाणी म्हणत. नवं झाकण अजून आलेलं नाही. कोणी आणायचं याचा निकाल लागलेला नाही, आणि लागू नये असं निदान एका माणसाला वाटतं. तिच्या पलंगाखाली, ट्यूबांच्या डब्याच्या मागे, थंड हवेची हमी देणारे दोन पुठ्ठे नीट घडी करून ठेवलेले आहेत. जिन्यात दोन दिवस जरा जास्त शांतता झाली की ती ते बाहेर काढून, पुसून, मुलांना दिसतील असे दाराशी उन्हात ठेवते. संध्याकाळपर्यंत भांडण सुरू होतं.

आता उठायला हरकत नाही. फक्त एक मागणं आहे. घरी गेल्यावर एखादा नळ गळत नाहीये, एखादी खुर्ची डुगडुगत नाहीये असं दिसलं, तर एकदा खाली वाकून बघा, तिथे कोणी काय लावून ठेवलंय. आणि ज्याने लावलं त्याची आठवण काढा. कात्री ज्याच्या हातात होती, त्या माणसाचीही काढा.